रेनेसाँ चित्रांची प्रदर्शनं: फळी, कागद, उजेड आणि उसनवारी

चुनागच्ची

फ्रा आंजेलिको या पंधराव्या शतकातल्या भिक्षू-चित्रकाराचं मोठं प्रदर्शन फ्लॉरेन्समध्ये २६ सप्टेंबर २०२५ ते २५ जानेवारी २०२६ असं चार महिने चाललं. पलाझ्झो स्ट्रोझ्झी आणि सान मार्को संग्रहालय अशा दोन जागा, १४० हून जास्त कलाकृती. त्याच्याच शहरात त्याचं एवढं मोठं प्रदर्शन याआधी १९५५ साली भरलं होतं, म्हणजे मध्ये सत्तर वर्षं गेली. एवढी वर्षं का लागतात, याचं उत्तर त्या चित्रांच्या लाकडात आहे. म्हणून हा धागा.

सान मार्को चर्चच्या मुख्य वेदीसाठी फ्रा आंजेलिकोने १४३८ ते १४४३ च्या सुमारास एक वेदीचित्र केलं. पैसा मेदिची या फ्लॉरेन्सच्या धनाढ्य सावकार घराण्याचा. मधे मोठी फळी: मेरी, बाळ, भोवती संत, आणि पुढे गालिच्यावर गुडघे टेकलेले कॉस्मस आणि डेमियन, हे वैद्यबंधू मेदिचींचे पाठीराखे संत. मोठ्या फळीच्या खाली प्रेडेला, म्हणजे छोट्या चित्रांची आडवी पट्टी. तिच्यात नऊ चित्रं: एक ख्रिस्ताच्या दफनाचं, बाकी आठ या दोन भावांच्या गोष्टीची.

पुढच्या शतकांत हे वेदीवरून उतरवलं गेलं, चौकट मोडली आणि तुकडे बाजारात गेले. प्रेडेलाची नऊ चित्रं आज अशी आहेत: म्युनिकला चार, फ्लॉरेन्सला दोन, आणि पॅरिस, डब्लिन, वॉशिंग्टन इथे एकेक. गोष्टीचं तिसरं पान एका देशात आणि चौथं समुद्रापलीकडे. माझ्या मते रेनेसाँच्या, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या, प्रदर्शनाचं खरं काम हे तुकडे काही आठवडे एका रांगेत लावणं हेच आहे. प्रसिद्ध चित्र आणून तिकिटं खपवणं दुय्यम.

फ्लॉरेन्सकडच्या दोनांपैकी एक चित्र जरूर शोधून बघा. आकार साधारण ३७ × ४५ सें.मी. पलंगावर जस्टिनियन नावाचा धर्मसेवक झोपलाय, पडदा बाजूला सारलाय, आणि दोघे भाऊ वाकून त्याचा सडलेला पाय काढून दुसरा लावताहेत. नवा पाय मेलेल्या इथिओपियन माणसाचा. म्हणून अंथरुणात एक पाय गोरा, एक काळा. एवढी अचाट गोष्ट, पण खोलीत कसलाही गडबडगोंधळ नाही.

लिंबलोण

सुंदर सुरुवात. एक शंका: तुकडे एकाच वेदीचित्राचे आहेत हे ठरवतात कसं? शैलीवरून म्हणावं तर त्याच्या कार्यशाळेत बरेच हात होते.

चुनागच्ची

लिंबलोण, शैली शेवटी येते. आधी लाकूड. प्रेडेला बहुधा एकाच लांब आडव्या फळीवर रंगवत आणि विकताना ती करवतीने कापली जाई. म्हणून क्ष-किरण फोटोत एका तुकड्याच्या उजव्या कडेला संपणाऱ्या लाकडाच्या रेषा आणि गाठी पुढच्या तुकड्याच्या डाव्या कडेला जुळतात. किड्यांनी पोखरलेले बोगदेसुद्धा पुढे चालू राहतात. कडेच्या खांबांवरचे संत उभ्या रेषेच्या लाकडावर असतात, त्यामुळे कुठला तुकडा खालचा आणि कुठला बाजूचा हे तिथेच कळतं.

दुसरी खूण कडेला. त्या काळी चौकट आधी फळीवर ठोकत आणि मग चौकटीसकट सगळ्यावर जेसो, म्हणजे जिप्सम आणि सरसाचं अस्तर, थरावर थर चढवत. चौकट आणि फळी यांच्या सांध्यात जेसो साचून बारीक वर उठलेली कड तयार होते. पुढे चौकट काढली तरी ती कड राहते. चारही बाजूंना ती दिसली तर चित्र मूळ मापाचं. एखाद्या बाजूला रंग सरळ धारेने तुटलेला दिसला तर तिथे करवत फिरलेली आहे. काचेतूनही हे दिसतं, फक्त समोर उभं न राहता बाजूने बघायचं.

शिसपेन्सिल

फळीबद्दल काष्ठ यांनी लिहावं, मी कागदावर लिहितो. रेखाचित्रांच्या दालनात शिरलं की पहिली तक्रार ठरलेली: "इतका अंधार कशाला?" त्याचा हिशोब देतो.

लक्स हे उजेडाचं माप. कागदावरच्या कामाला सर्वसाधारण मर्यादा ५० लक्सची. टेम्परा (अंड्याच्या बलकात कालवलेले रंग) आणि तैलरंगांना १५० ते २०० पर्यंत चालतं. पण उजेडाचं नुकसान साठत जातं, त्यामुळे लक्स गुणिले तास असा हिशोब धरतात. प्रकाशाला फार हळव्या वस्तूंसाठी वर्षाला १५,००० लक्स-तास ही सर्वमान्य मर्यादा. आता समजा ५० लक्स, दिवसाला ८ तास, आठवड्याला ६ दिवस, १२ आठवडे. ५० × ८ × ६ × १२ = २८,८००. एका प्रदर्शनात जवळजवळ दोन वर्षांचा कोटा संपला! म्हणून तीन महिने लावलेलं चित्र नंतर काही वर्षं अंधाऱ्या कपाटात विसावतं. नुसता आकडा पाळून भागत नाही, दिव्यातली अतिनील किरणंही गाळावी लागतात. ७५ मायक्रोवॅट प्रति लुमेनच्या खाली ती ठेवतात.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १३ नोव्हेंबर २०१७ ते १२ फेब्रुवारी २०१८ मायकेलअँजेलोची १३३ रेखाचित्रं एकत्र लागली होती. सात लाखांवर लोकांनी ती पाहिली. प्रदर्शन नेमके तीनच महिने का, याचं कारण वरच्या गुणाकारात आहे.

व्हित्रुव्हियन पुरुषाचंही तेच. वर्तुळ आणि चौकोनात हातपाय पसरलेला लिओनार्दोचा माणूस, ३४.४ × २४.५ सें.मी., कागदावर शाई. व्हेनिसच्या अकादेमिया संग्रहालयातून तो २०१९ साली लूव्रला जाणार होता. इटलीतल्या वारसा संवर्धनाच्या एका संस्थेने कोर्टात धाव घेतली, ऑक्टोबरमध्ये तात्पुरती स्थगिती आली आणि आठवडाभरात उठलीही. तो पॅरिसला आला तो फक्त आठ आठवड्यांसाठी, प्रदर्शन मात्र २४ ऑक्टोबर २०१९ ते २४ फेब्रुवारी २०२० असं चार महिने होतं. डिसेंबरच्या मध्यानंतर गेलेल्यांना तो दिसला नाही. म्हणून रेखाचित्रासाठी म्हणून जाणार असाल तर त्या विशिष्ट चित्राच्या तारखा संग्रहालयाकडून आधी विचारून घ्या. एकाच प्रदर्शनात अर्ध्यावर चित्रं बदलणं ही नेहमीची पद्धत आहे.

आत गेल्यावर डोळ्यांना पाच-सात मिनिटं द्या. बाहेरच्या उन्हातून थेट ५० लक्समध्ये गेलात तर पहिली चार चित्रं वाया गेली म्हणून समजा. चांदीच्या टोकाने काढलेली चित्रं तर आणखी सावकाश उमलतात. त्यात कागदावर हाडांच्या भुकटीचं किंवा रंगाचं अस्तर असतं, चांदीची रेघ काळपट तपकिरी होते, आणि जिथे उजेड दाखवायचा तिथे पांढऱ्या रंगाचा स्पर्श. या माध्यमात रेघ खोडता येत नाही. चुकलेली रेघ बाजूला तशीच राहते, आणि बघायची तीच.

काष्ठ

शिसपेन्सिल यांनी बोलावलंच आहे तर फळीवर थोडं सविस्तर.

इटलीत बहुतेक फळ्या पॉपलरच्या. मऊ, स्वस्त, रुंद लाकूड. पण हवेतल्या ओलीप्रमाणे ते सतत हलतं. पावसाळ्यात आपल्याकडे दार फुगून चौकटीत अडकतं आणि मे महिन्यात त्याच दारात फट दिसते, तेच इथे. फरक एवढाच, की या दारावर पाचशे वर्षांपूर्वीचा ठिसूळ जेसो आणि रंग बसलाय. लाकूड मुख्यतः रेषांना आडवं आकसतं, लांबीत जवळपास नाही. मीटरभर रुंदीच्या फळीला सापेक्ष आर्द्रता ५० वरून ३५ टक्क्यांवर गेली आणि तिथेच राहिली, तर काही मिलिमीटरचा फरक पडतो. जेसो तेवढा ताणला किंवा दाबला जात नाही. मग तो उभ्या रेषेत फुगून तंबूसारखा उठतो आणि पापुद्रा सुटतो.

बाकही ठरलेल्या बाजूला येतो. पुढच्या बाजूला रंग आणि जेसो असल्याने ओल तिथून हळू जाते-येते. मागची बाजू उघडी. शतकानुशतकं मागचा भाग फुगून दाबला जातो आणि कायमचा आखडतो. म्हणून जुनी फळी बहुधा रंगाच्या बाजूने फुगीर दिसते. मोनालिसाचीही तशीच आहे. ७७ × ५३ सें.मी.ची एकच पॉपलर फळी, वरच्या कडेपासून खाली सुमारे ११ सें.मी.ची जुनी चीर, आणि चीर वाढू नये म्हणून मागे अक्रोडाची फुलपाखरी जोडणी बसवलेली.

एकोणिसाव्या शतकात हा बाक सरळ करायची टूम निघाली. मागची बाजू रंधून पातळ करायची आणि तिच्यावर लाकडी पट्ट्यांची जाळी बसवायची. उभ्या पट्ट्या चिकटवलेल्या, आडव्या सरकत्या. हेतू असा की फळी सरकू शकेल. पण कालांतराने आडव्या पट्ट्या अडकतात, फळीला हलायला जागा उरत नाही, आणि ती जाळीच्या पट्ट्यांमध्ये उभी चिरते. मागून जाळी मारलेली फळी म्हणूनच प्रवासाला सगळ्यात धोक्याची. मालक संग्रहालयाचा संवर्धक "नाही" म्हणतो तेव्हा बऱ्याचदा कारण चित्राच्या पाठीला असतं.

आता प्रवास कसा होतो ते क्रमाने सांगतो.

आधी स्थितीचा अहवाल. चित्र सपाट ठेवून तिरप्या उजेडात फोटो, सुटू पाहणारा प्रत्येक पापुद्रा नोंदवलेला. हाच अहवाल पोचल्यावर, प्रदर्शन संपल्यावर आणि परत घरी आल्यावर तपासतात. सुटता भाग असेल तर तो आधी बारीक कुंचल्याने स्टर्जन माशाच्या किंवा तत्सम सरसाने बसवतात.

मग चित्र हवाबंद चौकटीत जातं. पुढे न चमकणारी जोडकाच, मागे पक्का पत्रा, आत ५० टक्क्यांवर आधी मुरवलेल्या सिलिका जेलच्या पट्ट्या. जेल ओल शोषतं आणि सोडतं, त्यामुळे आतली हवा स्थिर राहते. जेल मुरवण्यातच चुका होतात. कोरडं जेल तसंच घातलं तर ते चित्रातली ओल ओढून घेतं, आणि मग चौकट नसती तर बरं झालं असतं अशी अवस्था.

त्यानंतर पेटीत पेटी. आतली पेटी चित्राच्या मापाची, दोन्हींच्या मध्ये फोम. फोमची घनता चित्राच्या वजनाप्रमाणे निवडावी लागते. फार मऊ घेतला तर चित्र तळाला आपटतं, फार कडक घेतला तर प्रत्येक हादरा जसाच्या तसा आत पोचतो. सोबत धक्के, तापमान आणि ओल नोंदवणारं यंत्र. ट्रकमध्ये पेटी उभी आणि प्रवासाच्या दिशेला समांतर बांधतात, म्हणजे ब्रेकचा धक्का फळीच्या पातळीत बसतो, पोटावर नाही. ट्रक हवेच्या सस्पेन्शनचा, वातानुकूलित, आणि मालक संग्रहालयाचा माणूस सोबत.

पोचल्यावर पेटी २४ तास तरी बंद ठेवायची. घाई करून लगेच उघडली तर थंड चित्रावर दालनातली ओल दव धरते. उद्घाटन उद्यावर आलंय म्हणून हे २४ तास कमी करणं ही सगळ्यात वाईट काटकसर.

लिंबलोण

काष्ठ, हे वाचून तर वाटतं की पाठवूच नये!

पैलतीर

लिंबलोण, माझं तेच म्हणणं आहे आणि मी ते गंभीरपणे मांडतोय. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयाने राफाएलचं पोप लिओ दहाव्याचं व्यक्तिचित्र रोमच्या प्रदर्शनाला द्यायचं ठरवलं तेव्हा उफ्फिझीच्याच शास्त्रीय समितीने राजीनामे दिले. जी चित्रं बाहेर जाऊ नयेत असं समितीने ठरवलं होतं त्यात ते होतं. समितीचं मत बाजूला ठेवून चित्र द्यायचं तर समिती हवी कशाला? १९६३ साली मोनालिसा अमेरिकेला गेली, १९७४ साली जपान आणि मॉस्कोला. व्हॅटिकनमधलं मायकेलअँजेलोचं पिएता हे शिल्प १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्याला जहाजाने गेलं. तिन्ही वेळा कारण राजकीय. कलाकृतीला त्यातून काय मिळालं?

काष्ठ

पैलतीर, समितीचा मुद्दा रास्त आहे आणि राजकीय उसनवारीला माझाही विरोधच आहे. पण ते चित्र जाण्याआधी नुकतंच फ्लॉरेन्सच्या ओपिफिचिओ देल्ले पिएत्रे दुरे या संवर्धन संस्थेतून दुरुस्त होऊन आलं होतं. दुरुस्तीला काढलेलं चित्र पूर्ण तपासलेलं असतं, आणि त्याला नवी आधारव्यवस्थाही बहुधा त्याच वेळी मिळते. फ्रा आंजेलिकोच्या प्रदर्शनासाठीही कितीतरी कामं आधी दुरुस्त झाली. प्रदर्शनाची तारीख ठरली की दुरुस्तीला पैसा आणि वेळ मिळतो, एरवी ते काम मागे पडत जातं. माझी कसोटी सरळ आहे: नेण्याने एखादा प्रश्न सुटतो का? तुकडे जुळवायचे असतील, दोन प्रती शेजारी ठेवायच्या असतील तर धोका घ्यावा. नुसतं दर्शन द्यायला नेऊ नये.

चुनागच्ची

दोन प्रती शेजारी ठेवण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण लंडनच्या नॅशनल गॅलरीचं. ९ नोव्हेंबर २०११ ते ५ फेब्रुवारी २०१२. लिओनार्दोच्या 'खडकांतली मेरी'ची लूव्रची आणि लंडनची अशा दोन्ही प्रती तिथे पहिल्यांदा एका दालनात, समोरासमोर आल्या. खुद्द लिओनार्दोनेही त्या अशा एकत्र पाहिल्या होत्या की नाही कोण जाणे. लंडनची प्रत नुकतीच साफ झाल्याने निळसर, थंड. लूव्रची जुन्या वार्निशाखाली मधासारखी पिवळी. पुस्तकातल्या छपाईत हा फरक कळत नाही, कारण छपाईचा रंग आधीच कुणीतरी बदललेला असतो.

त्याच प्रदर्शनात गॅलरीने अर्ध्या तासाला २३० ऐवजी १८० माणसं सोडली. परवानगी जास्तीची होती, त्यांनी स्वतःहून कमी केली. तरी एकूण सुमारे ३ लाख २४ हजार लोक आले. लूव्रच्या २०१९ च्या लिओनार्दो प्रदर्शनाला सुमारे १० लाख ७१ हजार. शेवटच्या तीन रात्री तर ते रात्रभर फुकट उघडं ठेवलं होतं. मोनालिसा मात्र तिच्या नेहमीच्या दालनातच राहिली, एवढी गर्दी प्रदर्शनाच्या जागेत मावली नसती.

घाटमाथा

गर्दीचा विषय निघालाच आहे तर जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी.

मोठ्या प्रदर्शनाला वेळेचं तिकीट असतं, पण ती वेळ आत शिरायची. बाहेर पडायची नसते. म्हणून दिवसातला पहिला किंवा शेवटून दुसरा गट घ्या. शेवटचा घेऊ नका, रखवालदार दालनं मागून रिकामी करत येतात. लंडनची नॅशनल गॅलरी शुक्रवारी रात्री ९ पर्यंत उघडी असते आणि कायमचा संग्रह फुकट. लूव्र मंगळवारी बंद, उफ्फिझी सोमवारी. हे दोन वार आठवड्याच्या आखणीत आधी लिहून ठेवा, पुण्या-मुंबईहून गेलेले कितीतरी लोक इथेच अडकतात.

पहिल्या दालनात सगळ्यात जास्त गर्दी साचते, कारण प्रत्येकजण तिथली सगळी पाटी वाचतो. ती ओळखीची पाटी बाहेर फोनवर आधीच वाचून घ्या, सरळ दुसऱ्या-तिसऱ्या दालनात जा आणि पहिलं नंतर करा. पाठीवरची सॅक आत चालत नाही. पुढे अडकवावी लागते किंवा ठेवायला द्यावी लागते, त्यासाठी वेगळी रांग. लहान खांद्याची पिशवी बरी. चित्र काढायचं असेल तर फक्त शिसपेन्सिल, पेन हातात घेतलं तरी हटकतात.

एक वस्तू आवर्जून न्या: ६ पट दाखवणारी छोटी एकनळी दुर्बीण, जवळून फोकस होणारी. पक्षी बघायची साधी दुर्बीण बहुधा चालत नाही, तिच्यातून फार जवळचं धूसर दिसतं. वेदीचित्राचं वरचं टोक, संताच्या वस्त्राची किनार, सोन्यावरचे ठसे हे सगळं दोरीच्या मागे राहूनच दिसतं.

आणि पाटीवरचे शब्द नीट वाचा. नुसतं नाव लिहिलं असेल तर संग्रहालय त्या हाताची खात्री देतं. 'बहुधा' असेल तर मत त्या बाजूचं, पण वाद आहे. 'कार्यशाळा' म्हणजे गुरूच्या देखरेखीखाली शिष्यांनी केलेलं. 'वर्तुळातला' म्हणजे जवळचा पण अनोळखी हात. 'अनुयायी' म्हणजे कदाचित नंतरच्या पिढीतला. 'च्यावरून' म्हणजे नक्कल. मूळ चित्र आणि कार्यशाळेचं चित्र शेजारी लावलं असेल तर दोन्हींचे हात बघा, चेहरे नको. चेहरा बऱ्याचदा गुरू स्वतः पुरा करत असे, बोटं शिष्यावर सोडत असे.

रानहळद

रंगांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. रेनेसाँच्या लाल रंगाचा एक मोठा भाग आपल्याकडून जात होता: लाख. लाखेच्या किड्याचा रंग काढून तुरटीवर बसवला की पारदर्शक गडद लाल तयार होतो, आणि पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रांत तो भरपूर सापडतो. लाल पारदर्शक रंगाला युरोपीय भाषांत जो शब्द आहे तोही आपल्या 'लाक्षा'चाच नातलग. दुसरा लाल पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचा, तोही पूर्वेकडून. तो उजेडात फार लवकर उडतो.

उडालेला लाल बघायचा असेल तर लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, म्हणजे व्ही अँड ए. तिथे राफाएलची सात मोठी कार्टून्स आहेत, म्हणजे भिंतीवर टांगायचे गालिचे विणण्यासाठी पूर्ण मापात केलेली कागदी चित्रं. पोप लिओ दहाव्याने व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलसाठी १५१५ मध्ये ती सांगितली. राजघराण्याने १८६५ पासून तिथे उसनी दिलेली आहेत आणि बघायला तिकीट नाही. त्यातलं 'मासळीचा चमत्कार' घ्या. होडीत बसलेल्या ख्रिस्ताचा झगा पांढरा दिसतो. आता खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब बघा: तांबूस. मूळ झगा लालच होता. तो उडणाऱ्या रंगाने भरला आणि प्रतिबिंब दुसऱ्या, टिकणाऱ्या लालाने. पाण्याने रंग जपला, कापडाने सोडला. गालिच्यात झगा आजही लाल आहे.

त्याच कागदांवर उभ्या सांध्यांच्या रेषा दिसतात. ब्रसेल्सच्या विणकरांनी मागाखाली ठेवायला ते कापून पट्टे केले होते, नंतर परत जोडले. गालिचा मागच्या बाजूने विणतात, त्यामुळे कार्टून आरशातलं असतं. गालिच्यात जो हात उजवा, तो इथे डावा.

मांडवी

रानहळद, लिओ दहाव्याचं नाव घेतलंत म्हणून गोव्याचा धागा जोडते.

१५१४ साली पोर्तुगालच्या राजाने याच पोपला हान्नो नावाचा पांढरा हत्ती पाठवला, कोचीनहून लिस्बनमार्गे. त्याच्या पाठोपाठ गेंडा. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कच्या वकिलातीला भेट दिला, आणि जानेवारी १५१५ मध्ये तो गोव्याहून जहाजावर चढला. २० मे १५१५ ला लिस्बन. रोमनांच्या काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिला नव्हता. राजाने तोही पोपला धाडला, पण १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्यालगत जहाज बुडालं.

न्युरेम्बर्गच्या ड्युरर या जर्मन चित्रकाराने तो कधीच पाहिला नाही. लिस्बनहून आलेलं वर्णन आणि कच्चं रेखाटन यावरून त्याने १५१५ मध्येच लाकडी ठसा, म्हणजे कोरलेल्या फळीवरून छापलेलं चित्र, केला. अंगावर चिलखताचे पत्रे आणि मानेच्या मागे एक जास्तीचं छोटं शिंग. वरच्या मजकुरात सालही चुकलंय: १५१३ छापलंय. ड्युररचं शाईचं रेखाचित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

हा ठसा कितीतरी संग्रहालयांत आहे आणि प्रदर्शनांत वारंवार लागतो, त्यामुळे समोर आलेली प्रत कितवी हे ओळखता आलं पाहिजे. तीच लाकडी फळी ड्युररच्या मृत्यूनंतरही शंभर वर्षं छापायला वापरली गेली. पहिल्या आवृत्तीत वर जर्मन मजकुराच्या पाच ओळी आहेत, रेघा सलग आणि काळ्या. नंतरच्या प्रतींत किड्यांच्या भोकांचे छोटे पांढरे गोल ठिपके दिसतात आणि गेंड्याच्या पायांमधून आडवी पांढरी चीर जाते. ती फळी फाटल्याची खूण. १६२० नंतरच्या एका आवृत्तीत दुसऱ्या ठशाने हिरवट-तपकिरी छटा भरली, ती मुख्यतः चीर झाकायला.

काष्ठ

मांडवीताई, उत्तम. फळी इथेही तशीच वागते: ओल, किडे, रेषेच्या दिशेने चीर. फक्त इथे फळीच साचा आहे, त्यामुळे तिचं म्हातारपण प्रत्येक कागदावर छापलं जातं.

लिंबलोण

शेवटचा प्रश्न. मूळ चित्रं आपल्याकडे येणं इतकं अवघड असेल तर प्रतिकृतींचं प्रदर्शन भरवण्यात अर्थ आहे का? भिंतीभर हलती चित्रं दाखवणारे कार्यक्रम सोडून विचारतेय.

चुनागच्ची

आहे, पण शिल्पाच्या ओतीव प्रतिकृतींत. व्ही अँड एच्या अशा प्रतिकृतींच्या दालनात मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची प्लास्टरची पूर्ण प्रतिकृती आहे, पाच मीटरहून उंच. ती १८५७ मध्ये व्हिक्टोरिया राणीला भेट आली. साचा थेट दगडावरून घेतलेला असल्याने माप, छिन्नीच्या खुणा, हाताचा वाजवीपेक्षा मोठा आकार सगळं तसंच उतरतं. आणि चहूबाजूंनी फिरता येतं. पडद्यावरच्या फोटोत मात्र माप हरवतं, आणि फ्रा आंजेलिकोची ३७ सें.मी.ची फळी दहा मीटर केली की तिच्यात बघण्यासारखं काही उरत नाही.

चित्रांची प्रतिकृती करायचीच असेल तर तीन अटी: मूळ माप, वेदीवर जेवढ्या उंचीवर होतं तेवढ्या उंचीवर, आणि सोन्याच्या जागी छापील पिवळा नको. लाल मातीच्या अस्तरावर खरा वर्ख चढवून, अगेट या गुळगुळीत दगडाने घासून, बाजूने हलत्या मिणमिणत्या उजेडात ठेवलेली एक वीतभर फळी नमुना म्हणून ठेवा. समोरून ती काळपट दिसते, दोन पावलं बाजूला सरकलं की पेटते. चित्रकाराने ती मेणबत्तीसमोर चालत जाणाऱ्या माणसासाठी केली होती.